आठवीच्या वर्गातला पडदा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्या पहिल्याच सोमवारी, शाळेतल्या पाण्याच्या टाकीवर कुणीतरी कोळशानं दोन नावं लिहिली. राजेश्री आणि महारुद्र. मधे बदाम, बदामात बाण. बाण असा वाकडा, की काढणाऱ्याला धड काडीसुद्धा काढता येत नसावी. नावं मात्र काना-मात्रेसकट बरोबर होती.

राजेश्री म्हणजे पार्वतीबाईची नात, परमेश्वरची थोरली. महारुद्र हा गिरणीवाल्या बन्सीधरचा मुलगा. दोघं आठवीत, एकाच वर्गात. दोघांत बोलणं किती, तर एकदा त्यानं तिच्याकडं कर्कटक मागितलं होतं आणि तिनं दिलं नव्हतं. पण टाकीवरचं सगळ्या गावानं वाचलं. ज्यांनी जन्मात शाळेचं तोंड बघितलं नाही त्यांनीही वाचलं.

परमेश्वरनं ओलं पोतं घेऊन टाकी स्वतः पुसली. घरी आला, खुंटीवरचं दप्तर काढलं आणि माळ्यावर फेकलं.

"बास झाली शाळा. सविता, उद्यापासून हिला कापूस येचायला संगं नेत जा."

सविता, त्याची बायको, भाकरी थापत होती. तिनं मान वर करून सासूकडं बघितलं. या घरात कुणाला काही बोलायचं असलं की आधी सासूकडं बघावं लागे.

"दप्तर खाली काढ," पार्वतीबाई म्हणाली.

"माय, तू मधी पडू नको. इज्जतीचा सवाल हाय."

"इज्जत काय तुझ्या एकट्याच्या खिशात हाय का रे? पोरीनं काय केलं? तिनं लिहिलं का टाकीवर?"

"लिहिलं कुणी का असंना. नाव तर तिचं हाय."

हे पार्वतीबाईला पटलं. गावात पोरीचं नाव एकदा कुणाच्या नावाला चिकटलं की ते निघायला किती वर्षं लागतात, हे तिला ठाऊक होतं. आणि दुसरंही ठाऊक होतं. तिची स्वतःची शाळा तिसरीत सुटली होती. का सुटली, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. सही ती करायची. वेळ लागे, जीभ दातात धरावी लागे, पण अंगठा तिनं कधी दिला नाही. रोज संध्याकाळी राजेश्रीची वही मागून घ्यायची आणि पानं उलटायची. वाचता फार येत नव्हतं. पान भरलेलं आहे का नाही, एवढंच बघायची. भरलेलं पान दिसलं की तिच्या जिवाला बरं वाटायचं.

"पोरी येगळ्या बसतील, पोरं येगळी," ती शेवटी म्हणाली. "मंग तर झालं?"

"शाळा ऐकल का तुझं?"

"न ऐकून जाते कुठं? मी कमिटीवर हाय."

परमेश्वरनं माळ्याकडं बघितलं, मग आईकडं. "एक महिना. महिन्याच्या आत पोरीचं नाव पुन्हा कुणासंगं ऐकू आलं, तर त्या दिवशी दप्तर चुलीत. मंग मला थांबवायचं न्हाई."

"न्हाई थांबवणार," पार्वतीबाई म्हणाली. शब्द दिला आणि तेव्हापासून तिचं मन थाऱ्यावर राहिना.

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. हेडमास्तर योगीराज सर भला माणूस, पण पार्वतीबाई समोर आली की खिशातलं पेन काढून त्याचं टोपण उघड-झाक करत बसायचा.

"आक्का, नियमात बसत न्हाई हे. सरकारी शाळा हाय. सगळी लेकरं एकत्रच शिकतेत."

"शिकू द्या की एकत्र. बसू द्या येगळं."

"खोल्या कुठून आणू? चार खोल्या. एकीवरचे पत्रे उडालेत, तिच्यात खिचडीच्या तांदळाची पोती ठेवलीत. वर्ग आठ, मास्तर चार."

सुकेशनी मॅडम गणित शिकवायच्या. रोज परभणीहून यायच्या, एस. टी.नं फाट्यापर्यंत, पुढं कुणाच्या तरी जीपमधून. त्या म्हणाल्या, "आजी, लिहिणाऱ्याला शोधा ना. सापडला की मी त्याच्याकडून टाकी आतून-बाहेरून घासून घेते. वेगळं बसवून काय होणार? राजेश्री वर्गात पहिली आहे. फेब्रुवारीत शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. आत्ता तिला—"

"मॅडम, तुमी पाचच्या गाडीनं परभणीला जाता. गावात काय बोलायलेत ते तुमच्या कानावर येत न्हाई. आमाला इथंच राहायचं हाय."

 कमिटीत बसलेला बन्सीधरही पार्वतीबाईच्या बाजूनं झाला. "माझ्या बी पोराचं नाव खराब व्हायलंय," तो म्हणाला. जसं काही त्याच्या पोराचं लगीन अडून राहणार होतं! शेवटी ठरलं, की आठवीच्या वर्गात मधून पडदा बांधायचा. इकडं चौदा पोरं, तिकडं अकरा पोरी. महिनाभर करून बघायचं. सरांनी तीनतीनदा सांगितलं, "लेखी कुठंच न्हाई बरं का हे."

"कापड माझ्या घरचं," पार्वतीबाई म्हणाली.

घरी येऊन तिनं पेटी उघडली. सवितानं जुनं लुगडं पुढं केलं तर तिनं ते परत तिच्या अंगावर टाकलं. "हे देऊ? लोकं म्हणतील, पार्वतीबाईच्या घरात चिंध्याच उरल्या." पेटीच्या तळाशी आहेरात आलेली दोन कोरी धोतरं होती. पांढरी शुभ्र, लाल काठाची, घडीसुद्धा मोडली नव्हती. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, नेसायला कुणी नव्हतं. दोन्ही तिनं हातशिलाईनं जोडली, वरून दोरी ओवायला जागा ठेवली. आणि कोरं कापड पहिल्यांदा वापरायला काढायचं म्हणून, हात जसा आपोआप जातो तसा देवळीतल्या करंड्याकडं गेला. कोपऱ्याला हळदीचं बोट लावलं, कुंकवाचं बोट लावलं. मग कापड शाळेत पाठवलं.

मागच्या खिडकीच्या गजापासून पुढं फळ्याच्या वरच्या खिळ्यापर्यंत दोरी ताणली. पडदा लागला. पहिले चार दिवस शांततेत गेले. पार्वतीबाई गावातून जाताना मान जरा जास्तच ताठ करून चालायची.

पाचव्या दिवशी तिनं वही उघडली तर पान अर्धंच.

"हे काय गं? आज शाळा अर्धी होती?"

"न्हाई, आजी. फळा अर्धा हाय."

"म्हंजे?"

राजेश्रीनं समजावून सांगितलं. पडदा बरोबर फळ्याच्या मधोमध येतो. मॅडम गणित लिहायला सुरुवात करतात ते पोरींच्या बाजूनं. गणित लांब असलं की पडद्यापलीकडं जातं. प्रश्न पोरींकडं आणि उत्तर पोरांकडं. मॅडमनी दोन दिवस दोन्हीकडं दोनदोनदा लिहून बघितलं, पण मग तासात एकच गणित व्हायला लागलं. आता त्या पडद्याच्या टोकाला उभ्या राहतात. तोंड तिकडं गेलं की इकडं ऐकू येत नाही.

"मंग उत्तर कुठून आणतीस?"

"मीच काढते. पण बरोबर हाय का न्हाई, ते कळत न्हाई. तिकडं पोरांना उत्तर मिळतं, पण कशाचं ते म्हाईत नसतं." हे सांगताना पोरीला हसू आलं आणि लगेच गेलं. "आजी, मॅडमला सांगशील का? परीक्षेला सगळं लागतंय."

"बघू," पार्वतीबाई म्हणाली.

पण तिनं काही बघितलं नाही. स्वतः मागितलेला पडदा, स्वतः दिलेलं कापड. आता जाऊन सांगायचं, चुकलं म्हणून? ते तिच्या जिभेवर येईना. तिनं ठरवलं, चूक मॅडमची आहे. शिकवायची रीत मॅडमनं बदलायला पाहिजे. पण मन ऐकेना. सुपात तूर घेऊन बसली की खडे तसेच राहायचे. उठून आडाकडं जायची, घागर न घेताच परत यायची. सविताला उगाच बोलायची, आणि सविता उलट बोलत नाही म्हणून आणखी बोलायची. रोज संध्याकाळी वही उघडायची. रोज पान अर्धंच. उजवीकडची कोरी जागा ती बोटानं चाचपत बसायची.

आणखी एक गोष्ट. आठवडाभरात राजेश्री बोलायची कमी झाली. विचारलं तर म्हणायची, "काही न्हाई." जेवायला बसली की तांदळाचा एखादा दाणा तिच्या वेणीत दिसायचा. पार्वतीबाईला वाटलं, खिचडीचा असेल.

पडदा लागून सतरा दिवस झाले, तेव्हा तिला राहवेना. वही काखेत घेतली आणि भर दुपारी शाळेकडं निघाली. मॅडमला चांगलं झापायचं, असं मनात घोकत निघाली. "शिकवायचा पगार पूर्ण आणि फळा अर्धा?" हे वाक्य तिनं वाटेत तीन वेळा म्हणून बघितलं.

शाळेच्या आवारात मालनबाई खिचडीचं पातेलं राखेनं घासत होती. पार्वतीबाईला बघून तिचा हात थांबला.

"आक्का, आज इकडं कुणीकडं?"

"मॅडम कुठं हायत?"

"हापिसात. कसली तरी ऑनलाइन माहिती दुपारपतोर भरा म्हणून फोन आलाय. आक्का, तुमी हितंच बसा जरा. वर्गाकडं नका—"

पण तोवर वर्गातून आवाज आला. पोरं एका सुरात काहीतरी म्हणत होती, लांबवून, नाकातून. पार्वतीबाई खिडकीपाशी गेली.

मधे पडदा. अलीकडच्या पहिल्या बाकावर महारुद्रला दोन पोरांनी खांदे धरून उभं केलेलं. कुणाचा तरी रुमाल त्याच्या डोक्याला बांधलेला. तो सुटायला बघत होता, पण हसतही होता. मागं एक पोरगं भटजीसारखा हात वर करून सूर धरत होतं, आणि बाकीची पोरं शेवटाला ओरडली, "शुभमंगल सावधान!" मूठ-मूठ तांदूळ पडद्यावरून पलीकडं गेला. खिचडीचाच तांदूळ, पोत्यातून काढलेला. पलीकडं पोरी किंचाळल्या, दोघी-तिघी हसल्या. एक म्हणाली, "आज पुन्हा राजेश्रीचंच? माझा नंबर कधी?"

पार्वतीबाई दोन पावलं सरकून पुढच्या खिडकीपाशी गेली, तेव्हा पडद्याच्या टोकाच्या फटीतून राजेश्री दिसली. पहिल्या बाकावर, दोन्ही कोपर वहीवर दाबून, मान खाली. पेन्सिल चालू. केसांत तांदूळ. ती झटकतही नव्हती.

आणि मग पार्वतीबाईनं पडद्याकडं बघितलं. आपलंच कापड, पण जणू पहिल्यांदाच बघत होती. पांढरं कोरं धोतर. लाल काठ. कोपऱ्याला हळदीकुंकू. इकडं पोरगा उभा, तिकडं पोरगी. अख्ख्या मुलखात असं कापड एकाच कामाला धरतात आणि अंतरपाट म्हटला की शेंबड्या पोरालाही कळतं. तिला कळलं नव्हतं. लुगड्याची लाज वाटली म्हणून तिनं धोतर काढलं, हाताला सवय म्हणून बोट लावलं, आणि नातीचं लग्न भर वर्गात लावून दिलं.

"किती दिस झालं हे?" तिनं मागं न बघता विचारलं.

मालनबाई ओले हात पदराला पुसत उभी होती. "आठ-नऊ दिस झाले, आक्का. मॅडमनी दोनदा हाणलं पोरांना. त्या गेल्या की पुन्हा सुरू. कधी दुसऱ्या बाकाचं असतंय, कधी तिसऱ्या. पर जास्ती करून राजेश्रीचंच."

"गावात म्हाईत हाय?"

"सगळ्यांना."

"मंग मला कामून कुणी सांगितलं न्हाई?"

मालनबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. "तुमाला कोण सांगणार, आक्का? तुमाला काही सांगायचं म्हंजे…" ती पुन्हा पातेल्याकडं वळली.

इतक्यात गेटातून मोटारसायकल आत आली. परमेश्वरनं ती स्टँडवर लावली नाही, तशीच भिंतीला टेकवली. चेहरा काळा-निळा झालेला. हॉटेलात कुणीतरी त्याला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "पाव्हणे, पोरीचं लगीन उरकलं म्हणं. आमाला पत्रिका न्हाई?" चहाचा कप तसाच ठेवून तो निघाला होता. त्याला बघून पार्वतीबाई वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"राजेश्री!" तो दाराबाहेरूनच ओरडला. "दप्तर उचल. चल घरी."

 महारुद्रनं डोक्याचा रुमाल ओढून काढला. ऑफिसमधून सुकेशनी मॅडम धावत आल्या, मागून योगीराज सर. राजेश्री उभी राहिली. ती बापाकडं बघत नव्हती, आजीकडं बघत होती.

"माय, शब्द दिला होतास," परमेश्वर म्हणाला.

"दिला होता."

"मंग बाजूला हो."

पार्वतीबाई दारातून हलली नाही. तिच्या मनात एका क्षणात किती वाटा आल्या. पोरांना शिव्या घालता आल्या असत्या. मॅडमला बोलता आलं असतं, त्यासाठीच तर ती आली होती. सरांना तर फुंकर मारली असती तरी पुरलं असतं. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते, आता कुणाची पाळी म्हणून. तिनं वही दुसऱ्या काखेत घेतली.

"मॅडम, तुमाला म्हाईत होतं?"

"हो, आजी. चार दिवसांपूर्वीच सरांना म्हटलं, पडदा काढू या." मॅडमनी सरांकडं बघितलं. "सर म्हणाले, आक्कांना कोण सांगणार?"

सरांनी पेनाचं टोपण बंद केलं.

"परमेश्वर," पार्वतीबाई म्हणाली, "ह्या कापडाकडं बघ. काय दिसतंय?"

त्यानं बघितलं. त्याच्याही डोक्यात आत्ताच उजेड पडला असावा, कारण त्याची नजर हळदीकुंकवाच्या कोपऱ्यावर जाऊन थांबली.

"हे कापड म्या दिलं. हळदकुंकू म्या लावलं. पडदा पाहिजे म्हणून कमिटीत म्या भांडले. पोरांनी नुसता तांदूळ टाकला. हे लगीन म्या लावलंय, पोरीनं न्हाई."

"ते काही असू दे. पोरगी घरी येणार."

"नेतोस? ने. पर मंग ऐक." ती आवाज खाली आणून बोलू लागली, आणि तिचा खालचा आवाज घरच्यांना वरच्यापेक्षा जास्त भीतीचा होता. "तू पोरगी काढलीस, तर गाव म्हणल, पोरीतच काहीतरी होतं, उगं का बापानं काढली. आज जी थट्टा हाय, ती उद्या खरी होती. पडदा काढला, तर गाव म्हणल, म्हातारीचं डोकं फिरलंय. आज लाव म्हणती, उद्या काढ म्हणती. मला हसतील. हसू दे. माझं लगीन कुणी मोडणार न्हाई आता."

मागच्या बाकावर एक पोरगी फिसकन हसली आणि तोंडावर हात धरला.

"दोन्हीतलं एक निवड. पोरगी काढायची का पडदा. आन् पडदा काढायचा असल तर तूच काढ. माझा हात पुरत न्हाई तिथपतोर."

 बाहेर मोटारसायकल घसरून धाडकन पडली, तरी परमेश्वरनं वळून बघितलं नाही. मग तो आत आला, फळ्यापाशी गेला आणि खिळ्याची दोरी ओढली. गाठ पक्की होती. दातानं सोडवावी लागली. कापड खाली आलं तशी चौदा पोरं आणि अकरा पोरी एकमेकांकडं बघायच्याऐवजी जमिनीकडं बघू लागली. फरशीवर तांदूळच तांदूळ होता.

परमेश्वरनं कापडाचा बोळा आईच्या हातात कोंबला. "महिना अजून संपला न्हाई, माय," तो म्हणाला आणि गाडी उचलायला गेला.

मॅडमनी महारुद्रच्या आणि सूर धरणाऱ्या पोराच्या हातात खराटा दिला. मग फळा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसला आणि गणित लिहायला घेतलं. पार्वतीबाईला ते कळत नव्हतं. नुसती ओळ लांब होत होत फळ्याच्या पार कडेला जाऊन टेकली, तेवढं दिसलं. राजेश्री मान वर करून लिहीत होती. तिचे डोळे मात्र अजून दाराकडं जात होते, बाप परत येतो का म्हणून.

 त्या संध्याकाळी घरी परमेश्वर जेवला, पण पाणी मागताना सविताकडं मागितलं, आईकडं नाही. दप्तराला त्यानं हात लावला नाही. खुंटीकडं दोनदा बघितलं, ते पार्वतीबाईनं बरोबर टिपलं.

सकाळी राजेश्री निघाली तशी तीही पदर सावरून मागं निघाली. "आजी, तू कामून येतीस?" "मला काम हाय." काम काही नव्हतं. हॉटेलासमोर सात-आठजण बसले होते. राजेश्री पुढं गेली तेव्हा कुणी काही बोललं नाही. पार्वतीबाई आली तसा त्यांच्यातल्या आश्रुबानं बशीतला चहा ओढला आणि मोठ्यानं विचारलं, "आक्का, मोडलं म्हणं लगीन?"

एवढ्या वर्षांत तिला असं विचारायची कुणाची टाप नव्हती. ती थांबली.

"मोडलं. म्या लावलं, म्याच मोडलं. अजून काय इचारायचं असल तर मला इचार, आश्रुबा. आत्ता इचार. मी हितं उभी हाय."

हॉटेल हसलं. पोट धरून हसलं, तिला हसलं. पार्वतीबाईचे कान तापले. जिभेवर चार उत्तरं आली, एकापेक्षा एक जहरी, आश्रुबाच्या सात पिढ्यांना पुरतील अशी. ती तिनं गिळली. हे लोक तिला हसत होते तोवर पोरगी पुढच्या वळणापर्यंत पोचली होती आणि तिच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

ती चालू लागली. शाळेची घंटा झाली. राजेश्री गेटातून आत गेली, तरी पार्वतीबाई गेटाबाहेरच उभी राहिली. घरी जाऊन करायचं काय? तिथंही बसवणार नव्हतं. आत प्रार्थना सुरू झाली, पोरापोरींचा मिळून एकच आवाज. एखादा आवाज मधेच वेगळा होतो का, कुणी फिसकन हसतं का, ते ती कान देऊन ऐकत राहिली. रस्त्यानं एक मोटारसायकल आली की तिची मान वळायची. परमेश्वरची नव्हती. दुसरी आली. तीही नव्हती.

महिना पुरा व्हायला अजून बारा दिवस होते.